काउंटरवर मांडलेल्या नऊ वस्तू

बार्शीत माझं औषधाचं दुकान आहे. मुलीच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, बाकी घडलं तसं आहे.

रथसप्तमी होऊन आठवडा-दहा दिवस झाले होते. दुपारी तीनच्या सुमारास, दुकानात फारसं कुणी नसतं तेव्हा, ती आली आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमची चेपून सपाट झालेली रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवत म्हणाली, "काकू, हीच द्या." स्कार्फ नाकापर्यंत बांधलेला. उन्हात सगळ्याच मुली बांधतात, म्हणून मला काही वाटलं नाही. पैसे काढताना गाठ सुटली आणि मी हातातली ट्यूब खाली ठेवली. दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल. त्यावर बारीक पुळ्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना केसाएवढ्या लाल शिरा, हनुवटीवर आणि कानांपुढे वाढलेली लव. वय 24. लग्न ठरलेलं, तारीख मे महिन्यातली.

"कितवी ट्यूब गं ही?"

"चार झाल्या. ही पाचवी."

"चिठ्ठी कुणाची?"

"चिठ्ठी नाही. पहिली इथूनच नेली होती, गणपतीत. तुम्ही नव्हता, दादांनी दिली."

दादा म्हणजे माझ्याकडे काउंटरला असणारा मुलगा. दुकान माझं, परवाना माझ्या नावावर, म्हणून ही चूक माझी. पुढच्या तीन ट्यूब तिने दुसरीकडून घेतल्या, पण सुरुवात माझ्या फळीवरून झाली. हे लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

मी तिला म्हटलं, ट्यूब मिळणार नाही. घरी जा आणि चेहऱ्याला लावतेस ते सगळं घेऊन ये. बाथरूममधलं, पर्समधलं, पार्लरमधून आणलेलं, काहीही ठेवू नकोस. तासाभराने ती आईला घेऊन आली आणि कापडी पिशवी काउंटरवर उपडी केली. नऊ वस्तू निघाल्या: ती ट्यूब, एक फेसवॉश, एक टोनर, दोन सीरम, केशर-चंदनाचं डे क्रीम, कोरफड जेल, पेट्रोलियम जेलीची डबी आणि सोनेरी झाकणाची एक पांढरी डबी. शिवाय संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेली क्रीमची चार पाकिटं.

लेबलं वाचताना

अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यातलं चांगलं कोणतं?" मी दुसरीकडून सुरुवात करते. कोणत्या वस्तूवर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, हे आधी पाहते. कारण या नऊ वस्तूंवर तीन तऱ्हेची लेबलं होती आणि त्यांची तुलना एकाच मापाने होत नाही.

औषधाच्या ट्यूबवर मुख्य घटक प्रमाणासकट छापावे लागतात, पण ज्या क्रीममध्ये ते मिसळले आहेत त्याची पूर्ण यादी नसते. सौंदर्यप्रसाधनाचं उलटं. तिथे सगळ्या घटकांची नावं असतात, पण कुठलं किती ते सांगण्याची सक्ती नाही. आणि सोनेरी झाकणाच्या डबीवर यातलं काहीच नव्हतं. ना घटक, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना परवाना क्रमांक. फक्त एका गोऱ्या बाईचा चेहरा.

प्रमाण लिहिलेलं नसलं तरी प्रसाधनाची यादी बरंच सांगून जाते. नियम असा आहे की 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याखालचे शेवटी, कुठल्याही क्रमाने. ही 1 टक्क्याची रेघ छापलेली नसते, पण शोधता येते. फेनॉक्सिइथेनॉल हे क्रीम टिकवण्यासाठीचं रसायन 1 टक्क्याहून जास्त घालता येत नाही. त्यामुळे यादीत ते सापडलं की त्याच्या मागचं प्रत्येक नाव 1 टक्क्याच्या आतलंच समजायचं.

मी मुलीच्या हातात पेन दिलं आणि डे क्रीमच्या खोक्यावर ती रेघ तिलाच मारायला लावली. खोक्यावर पुढे केशराच्या काड्या आणि चंदनाचं खोड. मागे यादीत पाणी, ग्लिसरीन, स्टिॲरिक ॲसिड, नियासिनामाइड, मग आणखी पाच-सहा नावं, मग फेनॉक्सिइथेनॉल, मग परफ्यूम, आणि त्याच्याही मागे केशर आणि चंदन, लॅटिन नावांनी. केशर घातलेलं होतं, कंपनी खोटं बोलत नव्हती. पण या मुलीने ते केशरासाठी घेतलं होतं आणि चेहऱ्याला लागत होतं ते मुख्यतः पाणी आणि ग्लिसरीन. ते वाईट नाही, ग्लिसरीन त्वचेत ओल धरून ठेवतं. तिची अडचण त्या परफ्यूम शब्दात होती. त्या एका शब्दामागे कित्येक सुगंधी रसायनं असू शकतात आणि सोललेल्या त्वचेला त्यांतलं कुठलंही झोंबू शकतं.

बाकीच्यांवर फार वेळ गेला नाही. एका सीरमच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नियासिनामाइड, म्हणजे बी3 जीवनसत्त्वाचं एक रूप, लिहिलेलं. डे क्रीमच्या यादीत तेच चौथ्या जागेवर होतं. म्हणजे एकच वस्तू ती दोनदा विकत घेत होती. दुसरं सीरम ॲस्कॉर्बिक ॲसिडचं, म्हणजे सी जीवनसत्त्वाचं, बाटलीत चहासारखं तपकिरी झालेलं. हवा आणि उजेड लागून ते निकामी झालं होतं, त्यावर चर्चा करण्यात अर्थ नव्हता. हिरवंगार कोरफड जेल पाहून आईला मी विचारलं, "तुमच्या कुंडीतली कोरफड कापल्यावर आतला गर कसा दिसतो?" त्या म्हणाल्या, "पाण्यासारखा." मग यादीच्या शेवटचे दोन आकडे दाखवले, सीआय 19140 आणि सीआय 42090. एक पिवळा रंग, एक निळा.

वाणाच्या पाकिटांवर यादीच नव्हती. 30 ग्रॅमपेक्षा लहान पॅकवर घटक छापण्याची सक्ती नाही. मला हा नियम पटत नाही. आपल्याकडे नवीन क्रीम घरात शिरतं ते पाकिटातूनच, कॉलेजच्या मुली पाकिटंच घेतात, आणि नेमकं तिथेच वाचायला काही नसतं.

पेट्रोलियम जेलीच्या यादीत एकच नाव होतं. मुलीने ते वाचलं आणि डबी उलटीसुलटी करून आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. नव्हतं.

मग मी सगळ्या वस्तू कामाप्रमाणे मांडल्या, कारण तिचा चेहरा का जळतोय हे एकेक बाटली पाहून कळत नाही, ओळीने पाहिल्यावर कळतं. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक ॲसिड, टोनरमध्ये ग्लायकोलिक ॲसिड, सीरममध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड, ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइन. पहिली दोन आणि शेवटचं, तिन्ही वरची कातडी सोलणारी. तिसरं मुळातच आंबट, चुरचुरणारं. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या रंगांची खोकी, म्हणून तिला ती चार वेगळी कामं वाटत होती. सकाळ-संध्याकाळ मिळून ती तोच गाल पुन्हा पुन्हा सोलत होती. आणि सनस्क्रीन कुठे होतं? डे क्रीमवर एसपीएफ 15 लिहिलेलं, तेवढंच. ट्रेटिनॉइन लावणाऱ्या मुलीला, बार्शीच्या उन्हात.

ट्यूब

ट्यूबवर तीन घटक: रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन फ्युरोएट 0.1 टक्का. हा जोड आजचा नाही. 1975 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र करून वांगावर वापरायचं सूत्र मांडलं. आपल्या ट्यूबा त्याच सूत्राच्या बदललेल्या आवृत्त्या आहेत. डॉक्टरांनी तपासून, ठरावीक आठवडे, उन्हापासून जपून वापरलं तर वांगाला याचा खरंच उपयोग होतो. औषध वाईट आहे असं मी कुणालाही सांगत नाही.

या मुलीला वांग नव्हता. ती सावळी होती, इतकंच. बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी "मुलगी चांगली आहे, रंग जरा..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं होतं. ते अर्धं वाक्य तिने घरी येऊन पूर्ण केलं.

मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, सूज आणि लाली उतरवतं, म्हणून आठ-दहा दिवसांत चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो. "काकू, दिवाळीपर्यंत सगळे विचारत होते, काय लावतेस म्हणून," ती म्हणाली. हीच तर गोची आहे. पहिले दिवस इतके छान जातात की माणूस थांबत नाही. मग त्वचा पातळ होत जाते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, पुळ्या येतात. एखाद्या रात्री लावायचं राहिलं की सकाळी चेहरा पेटलेला. ती आग शमवायला पुन्हा तीच ट्यूब. तिने प्रवासात दोन दिवस लावलं नव्हतं, तेव्हा आरशात पाहून रडली होती आणि ठरवून टाकलं होतं की आपल्याला ही ट्यूब आयुष्यभर लागणार.

मी कागदावर हिशेब केला. ट्यूब 20 ग्रॅमची. तर्जनीच्या पहिल्या पेरावर मावेल तेवढं क्रीम साधारण अर्धा ग्रॅम भरतं. रोज तेवढं लावलं तर एक ट्यूब 40 दिवस, चार ट्यूब 160 दिवस. गणपती ते रथसप्तमीच्या पुढे, तंतोतंत. म्हणजे एकही रात्र फारशी चुकलेली नव्हती. डॉक्टर जे औषध दोन महिन्यांच्या आत आवरतं घेतात, ते हिच्या गालावर पाच महिने रोज होतं.

2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आणली. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. या ट्यूबवरही आरएक्सची खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना छापलेली होती. नियम होता, खूण होती, आणि तरीही चार वेळा ती ट्यूब काउंटर ओलांडून गेली. आम्ही दुकानदारांनी ती खूण वाचायची असते. गिऱ्हाईक वाचेल अशी अपेक्षा धरणं चुकीचं आहे.

पांढरी डबी

डबीचं मी शेवटी विचारलं. दिवाळीत पार्लरमधून घेतलेली. पार्लरवाल्या ताईंनी सांगितलं होतं की बाहेरून येतं, खास लग्नाच्या मुलींना देतो. रात्रीआड लावायचं.

"आणखी काही सांगितलं होतं?"

"हो. लावताना अंगठी काढून ठेवायची म्हणाल्या."

मी आईकडे पाहिलं, तर त्या स्वतःच्या हाताकडे पाहत होत्या. डाव्या हाताची अंगठी त्यांनी बोटातल्या बोटात फिरवली आणि म्हणाल्या, "ताई, माझी अंगठी पांढरी पडलीय. सराफाकडे नेली, तर ते विचारायला लागले, घरात थर्मामीटर फुटला का म्हणून."

"तुम्ही पण लावता?"

"हिचं बघून. वाया कशाला घालवायचं. रोज थोडं, गळ्याला पण."

थर्मामीटर फुटून पारा बांगडीला लागला की बांगडी पांढरी पडते, हे जुन्या घरांतून सगळ्यांना ठाऊक आहे. सोनं पाऱ्याला लगेच धरतं. म्हणूनच पारा घातलेली क्रीम विकणारे दागिने काढून लावा असं सांगतात. डबीवर एक अक्षर नव्हतं, घटकांची यादी त्या अंगठीवर उमटली होती.

पारा रंग उजळ करतो हे खरं आहे. त्वचेचा रंग तयार करणाऱ्या एन्झाइमचं काम तो अडवतो. पण तो त्वचेवर थांबत नाही, आत उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की प्रथिनं लघवीवाटे जाऊ लागतात, पायांवर सूज येते. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, अशाच पार्लरमधल्या क्रीममुळे मूत्रपिंडाच्या आजाराने आजारी पडल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला आणि 2023 च्या सुरुवातीला ती बातमी सगळीकडे आली. त्यानंतर केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे 22 रुग्ण, त्यांतल्या 15 जणांत नेल-1 हा विशिष्ट प्रकार, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं करणारी क्रीम लावत होते. आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारा 10 लाखांत एक भाग, म्हणजे टनभर क्रीममध्ये एक ग्रॅम, एवढाच खपवून घेतला जातो. मुद्दाम घालणं हा गुन्हाच.

मी आईंना साडीचा काठ जरा वर घ्यायला सांगितला आणि घोट्यावर अंगठ्याने दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. "दिवसभर उभी असते ना," त्या म्हणाल्या.

पुढे

डबी मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, वर तारीख लिहिली. घरी पाऱ्याची तपासणी होत नाही. लिंबू पिळून, पाण्यात टाकून बघणारे लोक आहेत, त्यावर अजिबात विसंबू नका.

दोघी दुसऱ्या दिवशी सोलापूरला गेल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी मुलीच्या नऊ वस्तूंपैकी पेट्रोलियम जेली तेवढी ठेवली. साधा, बिनवासाचा फेसवॉश आणि आयर्न ऑक्साइड घातलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन लिहून दिलं. पुळ्यांसाठी पोटातून घ्यायच्या गोळ्या दिल्या. आणि स्पष्ट सांगितलं की पहिले तीन-चार आठवडे चेहरा आतापेक्षा वाईट दिसेल, तेव्हा ट्यूबकडे वळू नकोस. हे आधी सांगितलं म्हणून ती टिकली असं मला वाटतं. मार्चमध्ये दोनदा दुकानात येऊन नुसती बसली. एकदा म्हणाली, "काकू, एक रात्रच लावू का?" मी नाही म्हटलं आणि थंड पाण्याची घडी करून गालावर धरायला दिली. एप्रिलच्या मध्यापासून आग कमी झाली. शिरा अजून आहेत, त्या इतक्यात जाणार नाहीत.

लग्न ठरल्या तारखेला झालं. मांडवात तिच्या गालांवर लाली होती. नवऱ्या मुलाला तिने आधीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, दवाखान्याच्या तारखा मला पण सांगत जा.

आईंच्या लघवीत प्रथिन दोन प्लस निघालं. मूत्रपिंडतज्ज्ञांनी पाऱ्याची तपासणी मुंबईला पाठवली, ती वाढलेली आली. मुलीचा रिपोर्ट नॉर्मल होता. ती रात्रीआड लावायची आणि आई रोज, त्यामुळे फरक पडला असावा असं डॉक्टरांचं मत पडलं. डबी बंद, औषधं सुरू, दर महिन्याला तपासणी. अन्न व औषध प्रशासनाकडे मी लेखी तक्रार केली आणि डबी सोबत दिली. अहवाल अजून यायचा आहे.

माझ्या दुकानात आता स्टेरॉइडच्या ट्यूबा कुलपाच्या खणात असतात आणि किल्ली माझ्याकडे. काउंटरवरच्या मुलाला मी ओरडले नाही. त्याला त्या दिवशी समोर बसवून या नऊ वस्तूंची लेबलं पुन्हा वाचायला लावली. तो मुलींना आता आधी विचारतो, "पार्लरमधलं काही लावता का? लावताना अंगठी काढायला सांगितलंय का?" गेल्या चार महिन्यांत दोन जणी हो म्हणाल्या.

जूनच्या शेवटी आई रिपोर्ट दाखवायला आल्या. प्रथिन जवळजवळ नाहीसं झालं होतं, पायांची सूज उतरली होती. अंगठीही बोटात होती. सराफाने उजळून दिली होती, वरून पिवळीजर्द. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि उजेडाकडे धरायला सांगितली. आतल्या बाजूला, बोटाला टेकते तिथे, तांदळाएवढा पांढरा डाग राहिला आहे.